सहा फणसांची वाटणी

कल्पना करा मुलांनो, अंगणात सहा फणस मांडलेत, एकही दुसऱ्याएवढा नाही. झाड सामाईक, वाटेकरी तीन घरं. फणसाचा वास आला की म्हाताऱ्या द्वारकाकाकूंना अजून तेच अंगण आठवतं.

रीत अशी, की आधी थोरल्या घरानं एक फणस उचलायचा, मग मधल्यानं, मग धाकट्यानं. दुसरी फेरीही थोरल्यापासूनच. धाकटं घर काकूंचं. तिथे खाणारी तोंडं जास्त, पण सगळ्यात बारका फणस दर वर्षी त्यांच्याच वाट्याला येई.

त्या वर्षी थोरल्या घराची निवड आठ वर्षांच्या यमीकडे होती. तिनं सर्वांत मोठा फणस घेतला. पहिली फेरी संपली, तसे तिचे आजोबा म्हणाले, "यमे, उचल पुढचा."

"मोठा तर मीच नेलाय. आता उलटं! काकू आधी."

"अगं शहाणे, मग तुला बारकाच उरेल!"

"उरू दे. मोठ्याच्या जोडीला बारकाच हवा."

काकूंचा हात पुढे होईना. यमीनंच तो धरून उरलेल्यांतल्या मोठ्या फणसावर ठेवला. मग चुलीतला कोळसा आणून तिनं झाडाच्या खोडावर पुढच्या वर्षाचा क्रम लिहिला: धाकटं, मधलं, थोरलं.