पत्र्यावरची थाप

"मालकाच्या हुकुमानं चालून कंटाळलो, काकू. आता आपली गाडी, आपली मर्जी," असं म्हणत भार्गवनं ट्रक सुरू केला. बीरगावच्या कुसुमकाकूंनी नवरा वारल्यावर हा ट्रक विकायला काढला होता. त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या.

"आधी मांगं घेऊन पाहा," त्या म्हणाल्या.

गल्ली अरुंद होती, पण मागून कुणीतरी पत्र्यावर थापा देत होतं. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. ही भाषा नव्या ड्रायव्हरलाही पहिल्याच दिवशी कळते. एक थाप पडली आणि भार्गवनं ब्रेक दाबला. आरशात पाहिलं, तर भिंत जेमतेम वीतभर दूर होती.

"क्लीनर मोठा पक्का आहे तुमचा."

"मांगं कोणी नाही, बेटा," काकू शांतपणे म्हणाल्या. "हे असेच उभे राहत. ड्रायव्हर कोणताही असो, गाडी यांच्याच थापेवर चाले. हे गेल्यावर कितीक गिऱ्हाइकं या भिंतीवर आदळले. थाप यांनी तुलेच दिली."

भार्गवनं इंजिन बंद केलं, किल्ली काकूंच्या हाती ठेवली आणि उतरायला दार उघडलं.

मागच्या पत्र्यावर एकच थाप पडली.