कपात मात्र खालपर्यंत

आयुक्तांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला, तरी पाणीखात्याच्या मुख्य अभियंता मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत.

“वर्षभरात एकदाही नळ कोरडे पडले नाहीत,” हात मागे घेत आयुक्त म्हणाले. “पाचही खातेप्रमुखांना एकेका पगाराइतकं बक्षीस मंजूर झालंय. पण पहिला मान तुमचा.”

“धरण तुडुंब भरलं होतं, साहेब. त्यात माझं काय कर्तृत्व?”

टेबलाभोवती हशा पिकला. रस्तेखात्याच्या प्रमुखांना माघारी सगळे खडीसाहेब म्हणत. ते पुढे झुकले. “मॅडम, लक्ष्मी टिळा लावायला आलीय. आता तोंड धुवायला जाऊ नका.”

मॅडम हसल्या नाहीत. “दोन वर्षांपूर्वी मोठी पाइपलाइन फुटली. अर्ध्या शहराला चार दिवस पाणी नव्हतं. तेव्हा तुम्ही माझा पगार कापलात. मी ब्रही काढला नाही. ती लाइन सडलीय, बदला, असं मी आधीपासून घसा कोरडा करून सांगत होते. पैसे नाहीत म्हणालात. साहेब, आजही तीच लाइन जमिनीखाली आहे. वीतभरही बदललेली नाही. मग तेव्हा मी नालायक होते, तर आता एकदम कर्तबगार कशी झाले?”

आयुक्त माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काम चांगलं झालं तर बक्षीस, बिघडलं तर कपात. याहून सरळ न्याय कुठला?”

“मग माझ्या उपअभियंत्यांना बक्षीस का नाही?”

“ते फक्त खातेप्रमुखांना असतं. नियमच आहे तसा.”

“पगार तर त्यांचाही कापला होता. बढतीही गेली त्यात.”

“ती जबाबदारी सगळ्यांची होती, मॅडम.”

“म्हणजे बक्षीस वरच्या वर, आणि कपात मात्र खालपर्यंत.”

मॅडमनी समोरचा बक्षीस-स्वीकृतीचा कागद बाजूला सारला. “मला नको हे.”

“नका घेऊ,” आयुक्त शांतपणे म्हणाले. “तसं लेखी द्या. पण उद्या वर्तमानपत्रवाले या चौघांच्या दारात उभे राहतील. बाईंनी नाकारलं, मग तुम्ही कसं घेतलंत, म्हणून विचारतील.”

खडीसाहेबांचं हसू मावळलं. मॅडमनी आरोग्यखात्याच्या डॉक्टरांकडे पाहिलं. लाइन फुटली तेव्हा रुग्णालयाच्या दारात टँकर लावून घ्यायला हे डॉक्टर त्यांच्या बरोबरीनं रस्त्यावर उभे होते. पुढे चौकशीत मॅडमच्या बाजूनं बोलणारेही ते एकटेच. आता ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते.

“मॅडम,” मान वर न करता ते म्हणाले, “मुलीच्या कॉलेजची फी भरून बसलोय मी. मेव्हण्याकडून उसने घेतले, याच पैशांच्या भरवशावर. तुम्ही नको म्हणालात, तर मला हो म्हणायला तोंड उरणार नाही.”

मॅडमनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि सही केली.

“झालं तर मग!” आयुक्त मोकळे झाले. “चहा मागवा कुणीतरी.”

चहासाठी मॅडम थांबल्या नाहीत.

बाहेरच्या बाकावर उपअभियंता बसले होते. त्यांना एका नकाशावर मॅडमची सही हवी होती. केस पिकलेले, निवृत्तीला टेकलेले. लाइन फुटली तेव्हा हेच गृहस्थ खड्ड्यात कमरेइतक्या चिखलात उतरले होते आणि जोड बसल्याशिवाय वर आले नव्हते.

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. “मला बक्षीस मिळालंय. त्यातलं अर्धं तुमचं. नाही म्हणायचं नाही.”

उपअभियंत्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

“तुम्ही दिलेत तर ती मदत होईल, मॅडम. माझं तसं काही अडलेलं नाही.”

“मदत कसली? तुमच्या हक्काचे आहेत.”

“जावई विचारतो अधूनमधून. बाबा, तेव्हा तुमचं नक्की काय चुकलं होतं? मी म्हणतो, काही चुकलं नव्हतं. तो म्हणतो, मग पगार काय उगीच कापतात?” ते कसनुसे हसले. “पोरगा चांगला आहे. खोडसाळपणानं नाही विचारत. पण मला त्याला काही दाखवता येत नाही. पैसे दाखवून काय करू?”

मॅडमनी नकाशावर सही केली. पेन मिटलं. मग त्या उठल्या आणि आयुक्तांच्या खोलीचं दार न ठोठावताच आत गेल्या.

चहा आला होता. डॉक्टरांनी आपला कप अजून उचलला नव्हता.

“साहेब,” मॅडम दारातूनच म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी लाइन फुटली, त्यात माझ्या उपअभियंत्यांची काही चूक नव्हती. एवढं एक वाक्य तुमच्या सहीनं लिहून द्या. पैसा एकही नको.”

आयुक्तांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते. आवाजात मायाच होती म्हणा ना.

“पैसे मागा, मॅडम. कुठून तरी बसवून देतो. पण हे वाक्य लिहिलं, तर त्याच्या पुढचं वाक्यही मलाच लिहावं लागेल.”