डावा कौल

"सरकारचं सगळं झालंय हो," विद्याधर पुन्हा म्हणाला. "पोलिसांची परवानगी आहे, कलेक्टर कचेरीची आहे. आता फक्त तुम्ही हो म्हणायचं राहिलंय."

"मग सरकारच्या दारात काढा फोटो," सोनूबाई म्हणाली आणि बोंबलांची पुढची जोडी काठीवर अडकवली.

वर्सोव्याच्या पुढच्या त्या छोट्या कोळीवाड्यात विद्याधर इतक्यांदा येऊन गेला होता, की वाड्यातली कुत्रीही आता त्याच्यावर भुंकेनाशी झाली होती. साबणाच्या जाहिरातीचं शूटिंग आणि त्याच साबणाच्या कॅलेंडरचे फोटो, एवढंच काम. पण डायरेक्टरला याच किनाऱ्यावरच्या रंगीत होड्या हव्या होत्या. दुसरा किनारा दाखवला की तो तोंड वाकडं करायचा.

वाड्यातल्या बायकांचा राग मात्र खोटा नव्हता. गेल्या वर्षी कुठल्याशा पिक्चरवाल्यांनी न विचारता बोंबलांच्या काठ्या उपटल्या होत्या आणि त्यांची हिरॉईन दिवसभर नाकाला रुमाल लावून बसली होती. काठ्यांचं एक वेळ विसरता आलं असतं. रुमाल कोणी विसरलं नव्हतं.

"आमचं युनिट एका काठीला हात लावणार नाही, मावशी. मी स्वतः उभा राहीन."

"तू कोण? मालक?"

मालक तर विद्याधर नव्हताच. तो कोण होता? घाटकोपरच्या जयंतीभाईंच्या कंपनीत नट्यांच्या डोक्यावर छत्री धरणारा माणूस. गिरणी बंद पडल्यापासून वडील पार्ल्याच्या घरात भिंतीकडे बघत बसलेले. जयंतीभाई परवाच म्हणाले होते, "विद्याधर, परमिशन आण, प्रॉडक्शन मॅनेजर तू. नाय आणलीस तर छत्री हायच." जयंतीभाई शब्दाचे पक्के होते. दोन्ही शब्दांचे.

शेवटी वाड्याचे पाटील राजाराम मध्ये पडले. भला माणूस, पण बायकांपुढे त्यांचं काही चालत नसे.

"हे भांडण असं मिटायचं नाय," ते म्हणाले. "मावलीला कौल लावू. ती बोलेल ते खरं. काय सोनूबाई?"

"चालेल," सोनूबाई म्हणाली. "पण गाऱ्हाणं मी घालणार."

विद्याधरला हायसं वाटलं. आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे कौल त्याने लहानपणापासून पाहिलेला. देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवापुढे प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यात कोणाची वशिलेबाजी चालत नाही. माणसांचं मन वळवून तो थकला होता, देवीचं वळवणं त्याला त्यामानाने सोपं वाटलं.

मावलीचं देऊळ खाडीच्या तोंडावर, बुटकं, चुन्याने रंगवलेलं. धाकू भगताने पाकळ्या चिकटवल्या. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. सोनूबाई पदर खोचून पुढे झाली, हात जोडले आणि तिने गाऱ्हाणं सुरू केलं. नेमकं तेव्हाच खाली कोणीतरी होडीचं इंजिन चालू केलं. विद्याधरचं तिकडेही लक्ष नव्हतं. त्याने डोळे घट्ट मिटून मनात आपलंच गाऱ्हाणं चालवलं होतं. मावली, उजवी पाड. एवढं एक कर. आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं आहे हे त्यालाही माहीत होतं, पण मागताना माणूस असंच मागतो.

"पडली," धाकू म्हणाला.

विद्याधरने डोळे उघडले. उजवी पाकळी जागच्या जागी होती. डावी मावलीच्या पायाशी पडली होती.

बायका एकदम गप्प झाल्या. सोनूबाई तर मूर्तीकडे बघतच राहिली. जिंकून या मिरवत नाहीत, एवढी माणुसकी आहे, असं त्याला वाटलं आणि त्यामुळे आणखीच रडू आलं. त्याने मावलीला नमस्कार केला, चपला पायात सरकवल्या आणि तडक वाट धरली.

"अहो, थांबा तरी!" राजाराम मागून ओरडले.

आता चहा पाजतील, वाईट वाटून घेऊ नका म्हणतील. ते ऐकायची त्याच्यात ताकद नव्हती. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

बसस्टॉपवर तो जयंतीभाईंना काय सांगायचं याची उजळणी करत बसला. वडिलांना सांगायचंच नाही, असं ठरवलं. छत्री काय वाईट? निदान आपल्यालाही थोडी सावली मिळते. असं स्वतःला समजावत असतानाच त्याला समोरून सोनूबाई येताना दिसली. धापा टाकत, कपाळाला आठ्या घालून. अजून काय सुनावायचं राहिलं असेल, या विचाराने तो उभा राहिला.

"पळतोस कुठं रे? तुझी माणसं येणार कधी ते सांग. बोंबील काढायला नको आमाला?"

"मावशी, थट्टा नका करू. डावी पडली. मावली नाही म्हणाली."

"नाय बोलली ते मीपण बघितलं," सोनूबाई फणकारली. "पण गाऱ्हाणं कोणी घातलेलं? मी! आणि मी काय विचारलेलं? 'मावली, या मेल्याला हाकलून देऊ का?'"