मागच्या खोलीची वायर

"मागच्या खोलीतल्या फोनला जोडलेल्या वायरीमुळं नेट रखडतंय," असं लाईनमननं सांगताच प्रवीणनं पक्कड घेतली आणि ती वायर तोडून टाकली. नेट सुसाट झालं. आईला सांगायचं मात्र राहून गेलं. तिला तसाही तो फोन फक्त उचलता यायचा.

पंधराव्या दिवशी आईनं भरदुपारी सुतकाची अंघोळ केली. "कोल्हारची रतन रोज फोन करायची. तुमी लपवलं, तरी बहीन गेल्याचं मला कळलंच की."

प्रवीण चरकला. त्यानं घाईघाईनं मावसभावाला मोबाईल लावला आणि रतनमावशीला बोलवायला सांगितलं.

पलीकडून मावशीचा कापरा आवाज आला, "पंधरा दिस नुसती रिंग वाजती. खरं सांग लेकरा, अक्का कधी गेली?"