मुंगीएवढी अक्षरं

इंजिनिअर नवऱ्याने बायकोच्या जुन्या स्क्रीनशेजारी नवा, भारीतला स्क्रीन बसवला. कंप्युटरवर अर्थातच लिनक्स, कारण सिस्टीम विकत घेणं म्हणजे त्याच्या लेखी माघार. झालं असं, की जुन्या स्क्रीनवर अक्षरं टपोरी आणि नव्यावर मुंगीएवढी दिसू लागली.

"राहू दे रे, मला वाचता येतं," बायको म्हणाली. ऑफिसचं काम ती जुन्यावर करायची. मैत्रिणीशी गप्पा आणि बाकी सटरफटर नव्यावर.

पण पाहुणी आलेली आत्या तिच्या मागेच सोफ्यावर विणकाम करत बसायची. तिला राहवेना. "एवढा शिकलास आणि बायकोचे डोळे फोडतोस होय? तुझ्या त्या फुकटच्या सिस्टीमला अक्षरंसुद्धा मोठी करता येत नाहीत?"

फुकटची म्हटल्यावर गडी पेटला. सगळा रविवार तो सेटिंग उलटसुलट करत राहिला. कधी विंडो इकडून तिकडे नेली की पुरीसारखी फुगायची, कधी माउसचा बाणच हरवायचा. संध्याकाळी एकदाची दोन्हीकडची अक्षरं सारखी, टपोरी झाली. आत्याने त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी बायको हळूच म्हणाली, "ते होतं तसं परत करून दे ना."

"का? डोळ्यांना त्रास होतोय?"



विणकामाच्या सुया न थांबवता आत्या म्हणाली, "राहू दे रे, छान दिसतंय. आणि सूनबाई, त्या मैत्रिणीला कळव, मी घोरत नाही, आणि मुक्काम अजून महिनाभर आहे."