चौथी नळी

चिखलीच्या गॅरेजात गीताबाईंनी जीप आणून उभी केली. मागच्या सीटवर त्यांची पोरगी काजल कळा सोसत होती.

"अकीलभाऊ, चढावर दमच सोडते अन् उभी केली का थरथरते. बुलडाण्याच्या दवाखान्यापर्यंत पोचंन का?"

जीप त्यांच्या नवऱ्याची, पुंजाजींची. ते वारल्यापासून गीताबाईच चालवायच्या.

अकीलनं इंजिन चालू ठेवून डिझेलच्या पहिल्या नळीचा नट सैल केला. जी नळी सैल केल्यावरही आवाज बदलत नाही, तिचाच सिलिंडर मेलेला.

आवाज बदलला नाही. खात्रीसाठी त्यानं दुसरी सैल केली, मग तिसरी. घाईत आधीच्या आवळायच्या राहून गेल्या. आवाज तोच.

त्यानं चौथी, शेवटची नळीही सैल केली. सगळं डिझेल खाली गळू लागलं, इंजिनात थेंबही जात नव्हता. आणि थरथर थांबली. इंजिन झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं संथ चालू लागलं.

अकीलच्या हातातून पाना पडला. "वहिनी, हे कशावर चालून राह्यलं?"

"राहू द्या, भाऊ. काजलच्या येळेले मलेही ह्यायनंच नेलं होतं."

गीताबाई मागं बसल्या, काजलचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. तिचं कण्हणं थांबलं.

पुढं ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटसमोर क्लचचं पेडल सावकाश खाली गेलं.