दोन पानांचा जोड

“तुझं माहेर नकाशातसुद्धा नाही, रुसून जाशील कुठे?” ही त्याची जुनी थट्टा. बायको हसायची नाही. गावाला रस्ता नाही म्हणून तिची आई दवाखान्याच्या वाटेवरच गेली होती. आज कचेरीत देशाच्या नव्या नकाशासाठी त्याने दोन छापील पानं जोडून वर उपग्रहाचं पारदर्शक चित्र पसरलं. जोडावरच तिच्या गावाची छपरं निघाली. डावं पान काढणाऱ्याने गाव उजव्यावर ढकललं, उजव्याने डाव्यावर. पगार दोघांनीही पूर्ण घेतला. साहेब म्हणाले, “राहू दे. नकाशात आलं की रस्ता मागतील.” त्याने लाल पेनाने दोन्ही पानांवर ठिपका दिला. “आणि नाव?” साहेबांनी हसून विचारलं. “उपग्रहाला नावं दिसत नाहीत. तिथल्या माणसाने सांगितल्याशिवाय छापता येत नाही.” त्याने बायकोला फोन लावला. “तुझ्या गावाला तिथली माणसं काय म्हणतात?” “पुन्हा थट्टा?” “नाही. छापायचंय.”